रामबागेतले घर आणि सांवेरची जमीन : सरफेसी कारवाईचे एक प्रकरण

इंदूरच्या रामबागेतले एक दुमजली घर आणि सांवेर तहसिलीतली सुमारे एक हेक्टर शेतजमीन, अशा दोन मालमत्ता एकाच कर्जापोटी बँकेकडे गहाण होत्या. त्यांतले घर न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिलेला होता. जमिनीला हात लावण्याची मनाई त्याच कायद्याने केलेली होती. कारवाई संपली तेव्हा घर गेले होते आणि जमीन शिल्लक राहिली होती. बँकेची कारवाई शेवटपर्यंत टिकली. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटते, कारण घर राखून कर्ज फेडण्याचा मार्ग पहिल्या दिवसापासून त्या फाइलीत होता, आणि तो कुटुंबाला दाखवणे ज्याच्या हातात होते तो प्राधिकृत अधिकारी, म्हणजे बँकेच्या वतीने ही कारवाई करणारा, मीच होतो. कुटुंबाची आणि बँकेची नावे येथे दिलेली नाहीत.

कर्ज कसे थकले

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये दोन भाऊ पुठ्ठ्याचे खोके तयार करीत. इंदुरातल्या नमकीन आणि मिठाईच्या धंद्यामुळे खोक्यांना बारमाही मागणी असते, आणि हा व्यवसाय वीस वर्षे बरा चालला होता. २०१७ मध्ये त्यांनी एका सरकारी बँकेकडून यंत्रांसाठी ४५ लाखांचे मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी ६० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा घेतली. यंत्रे आणि माल नजरगहाण, म्हणजे ताबा न देता तारण, ठेवला गेला. त्याखेरीज आईच्या नावावरचे रामबागेतले घर आणि वडिलांच्या पश्चात तिघांच्या नावावर चढलेली सांवेरची जमीन, या दोन्हींची मूळ कागदपत्रे बँकेत जमा करून गहाण निर्माण केले गेले. आई जामीनदारही झाल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते, आणि मुलांनी जिथे बोट ठेवले तिथे त्यांनी सही केली होती, असे त्यांनीच मला पुढे सांगितले.

२०२० च्या अखेरीपासून क्राफ्ट कागदाचे भाव चढत गेले, आणि ठरलेल्या दराने खोके पुरवण्याचा शब्द दिलेला असल्याने वाढीव खर्च दोघा भावांनी स्वतः सोसला. त्यातच एका मोठ्या ग्राहकाकडे ३१ लाखांचे येणे अडकले. लघुउद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, पण ज्याच्याकडून निम्मा धंदा मिळतो त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य लहान कारखानदाराला सहसा होत नाही, आणि यांनाही झाले नाही. ३० नोव्हेंबर २०२२ चा हप्ता भरला गेला नाही, त्यानंतरचेही राहिले, आणि ९० दिवसांची मुदत उलटून २८ फेब्रुवारी २०२३ रोजी खाते अनुत्पादक (एनपीए) ठरले.

या ९० दिवसांबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते थकू लागताच ते विशेष निगराणीच्या तीन पायऱ्यांवरून जाते: पहिले ३० दिवस, पुढचे ३० आणि शेवटचे ३०. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारने २९ मे २०१५ रोजी एक आराखडा अधिसूचित केला असून, २५ कोटींपर्यंतच्या कर्जाचे खाते अडचणीत दिसू लागले की ते अनुत्पादक होण्यापूर्वीच बँकेने एका समितीपुढे ठेवावे आणि परतफेडीची फेरआखणी, पुनर्वसन की वसुली याचा निर्णय करावा, असे त्यात सांगितले आहे. उद्योजकालाही स्वतःहून अर्ज करता येतो. आमच्या शाखेतून या काळात मोबाइलवर संदेश गेले, दोनदा फोन झाले, पण खाते समितीपुढे गेले नाही. आणि कर्जदारांना असा अर्ज करता येतो हे ठाऊकच नव्हते. फाइल माझ्याकडे आली ती मार्चमध्ये, म्हणजे हा टप्पा ओलांडल्यानंतर.

मागणी नोटीस आणि तिची दुरुस्ती

२००२ च्या सरफेसी कायद्याआधी तारण विकून वसुली करायची तर बँकेला दिवाणी न्यायालयात किंवा १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ऋण वसुली न्यायाधिकरणात जावे लागे. सरफेसीने सुरक्षित धनकोला, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकेला, न्यायालयाबाहेरची वाट मोकळी केली. या कायद्याची घटनात्मक वैधता सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्स प्रकरणात मान्य केली. मात्र न्यायाधिकरणात दाद मागण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतीचा विचार करून तिला कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे, असे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्तराचे हे बंधन घालणारे कलम १३ चे पोटकलम ३-क आले. नागरी सहकारी बँकांच्या कर्जदारांसाठी येथेच सांगून ठेवतो की, पांडुरंग गणपती चौगुले प्रकरणात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने दिलेल्या निकालानंतर सहकारी बँकांनाही हाच कायदा लागू आहे, याबद्दल शंका उरलेली नाही.

कलम १३(२) ची, म्हणजे ६० दिवसांत थकबाकी भरा असे सांगणारी, पहिली मागणी नोटीस २१ मार्च २०२३ रोजी गेली. तिच्यात घर, यंत्रे आणि शेतजमीन अशी तिन्ही तारणे लिहिलेली होती, आणि हीच चूक होती. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील गहाणाला हा कायदा लागू होत नाही. केवळ महसुली दप्तरात जमिनीची नोंद काय आहे एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. प्रत्यक्षात तिथे शेती होते का, हे पाहावे लागते. येथे जमिनीत गहू आणि सोयाबीन उभे राहत होते, खसऱ्यात (महसुली उताऱ्यात) तशी नोंद होती, आणि ऋणपुस्तिका, म्हणजे जमीन आणि तिच्यावरील कर्जाची नोंद असलेली मालकाची पुस्तिका, तर आमच्याच तिजोरीत होती. शंकेला जागा नव्हती.

८ एप्रिलला कर्जदारांच्या वकिलांची हरकत आली. तिच्यात जमिनीचा मुद्दा बरोबर पकडलेला होता. विधी विभागाकडून उत्तराचा जो मसुदा आला त्यात, ‘आपली हरकत विचारात घेतली असून ती मान्य करता येत नाही,’ एवढे एकच वाक्य होते. हरकतीला १५ दिवसांच्या आत कारणांसह उत्तर देणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स या प्रकरणात स्पष्ट केलेले असताना असले उत्तर पाठवणे मला पटले नाही. मी पहिली नोटीस मागे घेण्याची शिफारस केली. वरिष्ठांचा प्रश्न साहजिक होता की दीड महिना का घालवायचा. त्यावर माझे म्हणणे असे की, सदोष नोटिशीवर उभी राहिलेली कारवाई वर्षभरानंतर न्यायाधिकरणात कोसळली तर दीड महिना नव्हे, दीड वर्ष जाते. ते मान्य झाले.

२ मे २०२३ रोजी नवी नोटीस काढली. मागणी ९४ लाख २० हजारांची होती, ३० एप्रिलपर्यंतच्या व्याजासह. तारणांत घर आणि यंत्रे एवढेच राहिले. दोघे भाऊ आणि आई यांना स्वतंत्र नोटिसा पाठवल्या, कारण या कायद्याच्या व्याख्येत जामीनदार आणि गहाण देणारी व्यक्ती हेही ‘कर्जदार’च असतात. ५ मे रोजी तिघांनाही त्या मिळाल्या आणि ६० दिवसांची मोजणी सुरू झाली.

२४ मे रोजी दुसरी हरकत आली. तिच्यात ग्राहकाकडे अडकलेले येणे, व्याजाच्या आकारणीबद्दलच्या शंका आणि शेवटी शेतजमिनीबाबत बँकेने आपली भूमिका स्पष्ट करावी, अशी विनंती होती. ३ जून रोजी मी स्वतः अडीच पानांचे उत्तर लिहिले. व्याजाचा तक्ता जोडला, येणे वसूल होण्याची वाट बँकेला का पाहता येत नाही ते मांडले, आणि जमिनीबद्दल लिहिले: ‘सदर शेतजमीन नव्या नोटिशीत समाविष्ट नसल्याने त्याविषयी उत्तर देण्याचे कारण उरत नाही.’

हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अचूक होते. पण त्याचा कुटुंबाने लावलेला अर्थ असा की, जमीन आता या व्यवहारातून बाहेर पडली. तसे नव्हते. सरफेसीखाली बँकेला ती विकता येत नव्हती एवढेच. तिच्यावरचे गहाण कायम होते, आणि २० लाखांवरील थकबाकी असल्याने बँक न्यायाधिकरणात दावा लावून तिच्यातूनही वसुली मागू शकत होती. आणि याहून महत्त्वाचे हे की, बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः कुटुंबाने ती विकण्याला कसलीच आडकाठी नव्हती. त्या भागातल्या जमिनीचे तेव्हाचे भाव पाहता तिचे ८० लाखांच्या वर आले असते. यंत्रांचे पाच-सात लाख आणि बाकीची तडजोड धरली, तर ९४ लाखांचे कर्ज तिथेच मिटत होते. त्या अडीच पानांत यासाठी तीन ओळी पुरल्या असत्या.

कागदावरचा ताबा आणि दोन भाडेकरू

६० दिवस सरले. १२ जुलै २०२३ रोजी आम्ही घराचा प्रतीकात्मक ताबा घेतला. याचा अर्थ कुणाला बाहेर काढणे नव्हे. ताब्याची नोटीस विहित नमुन्यात मालकाला द्यायची, घराच्या बाहेरच्या दारावर लावायची आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून आणायची, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. इंदुरात स्थानिक भाषा हिंदी, म्हणून एक हिंदी आणि एक इंग्रजी दैनिक. त्या घरात बोलली जाणारी भाषा त्या सबंध प्रक्रियेत कुठेच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दाराला तोरण होते. नोटीस तोरणाखाली न लावता बाजूच्या खांबावर लावावी, असे मी सहकाऱ्याला सांगितले. तेवढ्यात आई बाहेर आल्या. मराठी बोलणे ऐकून त्यांना वाटले मुलांचे कुणी ओळखीचे आले आहेत. “दारात का उभे? आत या ना,” त्या म्हणाल्या. मी कोण आणि कशासाठी आलो आहे ते सांगितल्यावर त्यांनी नोटीस हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “म्हणजे घर आजच सोडायचं का?” “नाही काकू, आज काहीच सोडायचं नाही,” मी म्हणालो. माझे उत्तर खरे होते. पण ४५ दिवसांच्या आत कलम १७ खाली न्यायाधिकरणात दाद मागता येते, ती मुदत २६ ऑगस्टला संपते, हे त्या क्षणी तोंडी सांगायला हवे होते ते मी सांगितले नाही. नोटिशीत सगळे लिहिलेले आहे, असे समजून मी परत फिरलो.

त्या मुदतीत कुटुंबाने अर्ज केला नाही. धाकट्या भावाला एका सल्लागाराने वेगळेच सुचवले होते. घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू दाखवायचा, म्हणजे बँकेला प्रत्यक्ष ताबा घेता येणार नाही, असा तो सल्ला. त्याप्रमाणे २० जून २०२३ रोजी एका परिचिताच्या नावे ११ महिन्यांचा भाडेकरार मुद्रांकावर केला गेला, आणि त्या कराराच्या बळावर तो परिचित जबलपूरला न्यायाधिकरणात पोहोचला. मध्य प्रदेशातल्या कर्जदारांचे न्यायाधिकरण जबलपूरला आहे. इंदूरच्या माणसाला रात्रीची ओव्हरनाईट एक्सप्रेस पकडून सकाळी तिथे उतरायचे, तारीख पडली की त्याच गाडीने परतायचे, असे करावे लागते. वकिलाची फी, प्रवास आणि सल्लागाराचे पैसे मिळून या खटपटीत कुटुंबाचे जे गेले ते त्या वेळी त्यांना परवडणारे नव्हते.

तो करार टिकण्याजोगा नव्हताच. मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून तारण मालमत्ता भाड्याने, विक्रीने किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, असे कलम १३(१३) सांगते, आणि करार नोटिशीनंतर ४६ दिवसांनी झालेला होता. अंतरिम दिलासा मिळाला नाही आणि पुढे अर्ज मागे घेतला गेला.

मात्र त्याच घरात एक खरा भाडेकरूही होता. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एका शिंप्याचे दुकान १९९६ पासून होते. त्याच्याकडे वर्षांनुवर्षांच्या भाडेपावत्या होत्या, विजेचा मीटर त्याच्या नावावर होता, आणि गहाण २०१७ चे होते. गहाणापूर्वीच्या आणि राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या आधाराने बाहेर काढता येत नाही, असा निर्णय विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ साली झालेला आहे. मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम हे संरक्षण देतो. पावत्या तपासून मी त्याचे भाडेकरूपण लेखी मान्य केले आणि ताब्याच्या पुढच्या सगळ्या कागदांत दुकान वगळले. खोट्या कराराने खऱ्या भाडेकरूवरही संशय ओढवतो. त्या शिंप्याला महिनाभर झोप लागली नव्हती, हे त्याने मला नंतर सांगितले.

यंत्रांचे काम फारसे अवघड गेले नाही. सप्टेंबरात दोन साक्षीदारांसमोर पंचनामा आणि यादी करून ती ताब्यात घेतली. भावांनी स्वतः किल्ल्या दिल्या. जुन्या यंत्रांना भाव कमी असतो. विक्रीतून ६ लाख ४० हजार आले.

कलेक्टर कचेरी

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक स्वतःच्या बळावर कुणाचे घर रिकामे करून घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे, अर्ज करायचा, सोबत नऊ मुद्द्यांचे शपथपत्र द्यायचे: थकबाकी किती, गहाण केव्हा झाले, नोटीस केव्हा दिली, हरकतीला उत्तर दिले का, इत्यादी. हरकतीचे काम आधीच नीट झालेले असल्याने हे शपथपत्र करताना मला अडखळावे लागले नाही. जिल्हादंडाधिकारी या टप्प्यावर कर्जाच्या वादाचा निवाडा करीत नाहीत. शपथपत्र पुरेसे आहे ना, एवढेच पाहतात.

५ सप्टेंबर २०२३ रोजी अर्ज दाखल झाला. कायद्यात मुदत ३० दिवसांची आहे, कारण नोंदवून ६० पर्यंत. पण त्या हिवाळ्यात विधानसभेच्या निवडणुका होत्या आणि कलेक्टर हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. आदेश १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे १६१ दिवसांनी झाला. ही मुदत मार्गदर्शक स्वरूपाची असून ती उलटल्याने आदेश देण्याचा अधिकार संपत नाही, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले असल्यामुळे विलंबावर कुणी आक्षेप घेतला नाही. मग लोकसभेची आचारसंहिता लागली. इंदूरचे मतदान १३ मे रोजी होते आणि मतमोजणी ४ जूनला, तोवर पोलीस बंदोबस्त मिळणे शक्य नव्हते.

हे नऊ महिने व्याज वाढत होते. कुटुंबाला मात्र वाटत होते की बँक थंडावली आहे. थोरल्या भावाने मला पुढे सांगितले, “साहेब, आम्हाला वाटलं प्रकरण मागे पडलं.” थकबाकीदार घरात शांततेचा असा अर्थ नेहमी लावला जातो, आणि वसुलीच्या कामात असलेल्या आम्हा लोकांना ते माहीत असते.

१९ जून २०२४ रोजी तहसीलदार, महिला पोलिसांसह बंदोबस्त, दोन पंच आणि आम्ही तिघे रामबागेत पोहोचलो. कुटुंबाने आदल्या आठवड्यातच सुदामानगरात भाड्याने जागा घेतली होती, कारण तारीख मी पंधरा दिवस आधी लेखी कळवलेली होती. तहसील कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याचा सल्ला होता की तारीख आधी सांगू नये, लोक गोळा होतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. तारीख आधी कळली की माणसे औषधे, मुलांची दप्तरे आणि देव नीट बांधून नेतात. न कळता दारात पोलीस आले की गर्दी होते. घरातले सामान तारण नव्हते, ते सगळे त्यांनी नेले. जिन्याच्या दाराला कुलूप लागले. शिंप्याचे दुकान त्या दिवशीही उघडे होते.

लिलाव

मान्यताप्राप्त मूल्यांककाने रिकाम्या घराची किंमत १ कोटी ६५ लाख धरली होती. संरक्षित भाडेकरू लक्षात घेऊन राखीव किंमत १ कोटी ३० लाख ठरली. विक्रीची नोटीस कुटुंबाला देऊन २२ जुलै २०२४ रोजी वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली, आणि ई-लिलावाची तारीख २८ ऑगस्ट ठेवली. नियमानुसार मध्ये किमान ३० दिवस लागतात, आम्ही ३७ ठेवले.

९ ऑगस्टला थोरला भाऊ माझ्याकडे आला. चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच आशा दिसत होती. सांवेरची जमीन ८६ लाखांना ठरली होती, विसाराचे २० लाख त्याच्या हातात होते आणि बाकी रक्कम दोन महिन्यांत खरेदीखताच्या वेळी मिळणार होती. बँकेने संमती द्यावी आणि लिलाव थांबवावा, अशी त्याची विनंती होती. लिलावाचा हातोडा पडेपर्यंत गहाण सोडवता येते, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत पूर्वी बरोबर होती. २०१६ च्या दुरुस्तीपर्यंत कलम १३(८) मध्ये विक्रीसाठी ठरलेल्या तारखेच्या आधी संपूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याची सोय होती. दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेपर्यंतच उरला, आणि सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच अर्थ पक्का केला. म्हणजे २२ जुलैला त्यांचा हक्क संपला होता. थोरला भाऊ अठरा दिवस उशिरा आला होता.

वकिलांनी आणखी एक मुद्दा मांडला. त्याच महिन्यात, १ ऑगस्ट २०२४ रोजी, प्रो निट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ चा लघुउद्योगांचा आराखडा बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले होते, आणि आमच्या शाखेने तो पाळला नव्हता हे खरे होते. परंतु त्याच निकालात हेही आहे की, उद्योजकाने आपण लघुउद्योग असल्याचे कागद वेळेत पुढे करून खाते अनुत्पादक होण्यापूर्वी हा हक्क मागितला पाहिजे. सगळी कारवाई पूर्ण होऊ देऊन शेवटी तो मुद्दा आणता येत नाही. दोन्ही हरकतींत त्याचा उल्लेख नव्हता.

हक्क संपला तरी बँकेला स्वतःच्या विवेकाने लिलाव मागे घेता आला असता. मी तसा प्रस्ताव वर पाठवला. पण यंत्रांची रक्कम वजा करून आणि खर्च धरून एकूण येणे त्या वेळी सुमारे १ कोटी ३ लाख झाले होते. जमिनीचे सगळे पैसे आले तरी १७ लाख कमी पडत होते, आणि हातात होते फक्त २० लाख. दोन महिन्यांच्या आश्वासनावर प्रसिद्ध झालेला लिलाव थांबवण्यास वरिष्ठांनी नकार दिला. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळे केले असते असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. हाच प्रस्ताव मे २०२३ मध्ये आला असता तर तो एका बैठकीत मंजूर झाला असता.

थोरल्या भावाने जमिनीचा सौदा मोडून विसार परत केला. २८ ऑगस्टला तिघांनी बोली लावली आणि घर १ कोटी ४२ लाखांना गेले. खरेदीदाराने अनामत धरून २५ टक्के, म्हणजे साडेपस्तीस लाख, दुसऱ्या दिवसापर्यंत भरले आणि उरलेले पंधरा दिवसांच्या आत. विक्री कायम झाली, विक्री प्रमाणपत्र दिले गेले, आणि त्यात तळमजल्यावरच्या भाडेकरूचा उल्लेख ठळकपणे ठेवला.

उरलेले पैसे आणि जमिनीचे कागद

सगळे येणे आणि खर्च वळते करून ३७ लाखांच्या वर रक्कम उरली. कलम १३(७) नुसार ती ज्याची मालमत्ता त्याला परत करावी लागते. येथे ती आईंची होती, मुलांची नव्हे, म्हणून धनादेश त्यांच्याच नावे काढला. कर्ज पूर्ण फिटल्याने शेतजमिनीवरचे गहाणही सुटले. वैयक्तिक कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये द्यावेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला होता. हे कर्ज व्यवसायाचे होते, तरी आम्ही जमिनीची कागदपत्रे नवव्या दिवशी परत केली. मी सुदामानगरात स्वतः गेलो, कारण आईंना जिने चढउतार करवत नव्हते.

खोली लहान होती. देव खिडकीच्या फळीवर मांडलेले होते. आईंनी आधी धनादेश पाहिला, मग ऋणपुस्तिका उघडून त्यावरचे नवऱ्याचे नाव बोटाने शोधले. जुन्या पानावर ते अजून होते. थोरला भाऊ तोवर त्यांना जमिनीच्या सौद्याची हकीकत सांगून चुकला असावा.

“ही जमीन आधी विकली असती,” त्यांनी विचारले, “मागच्या उन्हाळ्यात, तुम्ही ते कागद पाठवले तेव्हा, तर घर राहिलं असतं का हो?”

“राहिलं असतं, काकू.”

“मग तेव्हा कुणी सांगितलं नाही.”

मी त्यांना सांगितले की ते सांगायचे काम माझे होते. त्यांनी पावतीवर मराठीत सही केली, ऋणपुस्तिका पिशवीत घातली आणि धाकट्या सुनेला चहा ठेवायला सांगितला.